खाडीपलीकडचा अंपायर

अदीबा चुकीच्या तंबूत जाऊन बसली आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

दोष तिला तरी किती द्यायचा? जानेवारीतली शुक्रवारची सकाळ. इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला मोकळ्या मैदानावर धुकं असं उतरलेलं, की समोरचा माणूस ओळखू येऊ नये. दोन्ही तंबू पांढरे, दोन्हींत करक या आखाती दुधाळ चहाचे थर्मास, दोन्हींत कोकणी गलका. ती गावाहून कतारला भावाकडे येऊन अजून नवी नवी होती. भावानं, तबिशनं, गाडीतून उतरता उतरता ‘आपल्या तंबूत बस’ एवढंच सांगितलं आणि तो बॉल घेऊन पळाला. आता आपला तंबू कुठला, हे काय त्याच्यावर लिहिलेलं असतं?

तबिशनं पहिल्याच ओव्हरमध्ये एकाचा दांडा उडवला. अदीबा ताडकन उठली आणि टाळ्या पिटत म्हणाली, "या दाभटेकरांना बॅट धरायला कुणी शिकवलंच नाय वाटतं."

तंबूतल्या सगळ्या माना वळल्या. धुक्यातून आउट झालेला तो गडी चालत आला, थेट त्याच तंबूत शिरला, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि ग्लोव्हज काढत शांतपणे बोलला, "शिकवलं होतं. मीच लक्ष दिलं नाही."

अदीबाच्या पायांखालची वाळू सरकली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं... एकही चेहरा तिच्या गावचा, केळवश्याचा नव्हता. ती उठायला लागली, तर त्यानं थर्मासमधून चहा ओतून पेला तिच्यापुढे धरला. "बसा. आता उठलात तर केळवश्याच्या आहात हे सगळ्यांना कळेल. दाभट्याच्या कुणाचीतरी पाहुणी आहात असं मी सांगतो – फक्त एक करा. आमचा सिक्स गेला की टाळ्या वाजवा."

"मरेन, पण वाजवणार नाय."

"मग निदान चहा तरी घ्या," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याची डावी भुवई जरा वर जायची. अदीबानं ते पाहिलं, आणि आपण पाहिलं याचाच तिला राग आला.

त्याचं नाव जैद. गॅरेजमध्ये सुपरवायझर. आणि त्या पोरीनं त्या सकाळी दाभट्याच्या सिक्सवर एकदा टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू?

आता दाभटे आणि केळवसे म्हणजे काय, ते सांगायला हवं. रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या अलीकडे केळवसे, पलीकडे दाभटे. मध्ये होडीनं ओलांडावं एवढंच पाणी. पण क्रिकेटवरून दोन्ही गावं एकमेकांना त्याच पाण्यात पाहत आलेली. कुठल्याशा मॅचमध्ये बॉल खाडीत पडला, तो सिक्स धरायचा की हरवला म्हणायचा, यावरून आजोबांच्या वेळी जे भांडण जुंपलं, ते नातवंडांनी विमानात घालून कतारला आणलं. सोयरिकी व्हायच्या, नाही असं नाही. पण सासर-माहेर अशा दोन काठांवर असलेल्या घरात मॅचच्या दिवशी चूल पेटत नसे.

या भांडणात उभा राहायला तिसऱ्या गावचा माणूस मिळेना. म्हणून रीत पडली, की बॅटिंग करणाऱ्या संघाचाच माणूस अंपायर. आउट होऊन आलेल्यानं ग्लोव्हज ठेवायचे आणि अंपायर म्हणून उभं राहायचं. लवकर आउट होण्यात जैदचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ते काम बहुतेक त्याच्याच गळ्यात पडे. अपील करायचं ते घसा मोकळा करण्यापुरतं. आपल्याच माणसाला रनआउट देणारा अंपायर खाडीच्या दोन्ही काठांवर अजून जन्माला यायचा होता.

अदीबा अल मन्सूरा नावाच्या वस्तीत राहायची आणि एका दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसायची. रोज मन्सूराहून मेट्रो. त्या शुक्रवारनंतर आठवडा उलटायच्या आत जैद स्टेशनच्या जिन्यावर दिसला. मग पुन्हा. मग रोजच.

"इंडस्ट्रियल एरियात कामाला जाणाऱ्याला ग्रीन लाईन कशाला लागते?" तिनं एकदा विचारलंच.

"गाडी बिघडलीय."

"गॅरेजवाल्याची? रोज?"

"मोठं काम निघालंय," तो गंभीरपणे म्हणाला. "बरीच वर्षं चालेल असं दिसतं..."

ती खिडकीकडे वळली. काचेत तिचंच हसू तिला दिसत होतं आणि ते त्यालाही दिसत होतं. मग बोलणं वाढत गेलं. तो तबिशच्या बॉलिंगला नावं ठेवायचा, ती त्याच्या बॅटिंगचं नावसुद्धा घ्यायची नाही, कारण घेण्यासारखं काही नव्हतंच. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एका सकाळी तो दिसला नाही, तर तिनं एक गाडी जाऊ दिली, दुसरीही जाऊ दिली आणि कामावर उशिरा पोचून बोलणी खाल्ली. त्या दिवशी तिला उमगलं, की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत. आणि तोही दाभट्याचा. देवा रे.

फेब्रुवारीअखेर फायनल आली. या वेळी अदीबा आपल्याच तंबूत होती, तबिशकडेच राहणाऱ्या अम्मीच्या शेजारी. केळवसे सलग कितीतरी वर्षं हरत आलेलं, आणि तबिशनं तर ईदचा नवा शर्टही जिंकल्याशिवाय घालणार नाही म्हणून ठेवून दिलेला. शेवटचा बॉल उरला. दाभट्याला दोन धावा हव्यात; बरोबरी झाली तर विकेट कमी गेल्यामुळे कप केळवश्याचा. समोर त्यांचा कॅप्टन इनायत, जैदचा थोरला भाऊ, ज्याच्या नावानं केळवश्याच्या पोरांना ताप यायचा. आणि स्टम्पच्या रेषेत, टोपी मागे सारून, अंपायर जैद.

इनायतनं बॉल लांब टोलवला. एक धाव निघाली, दुसरीसाठी तो वळला. सीमेजवळून तबिशनं बॉल उचलला आणि फेकला – आयुष्यात त्यानं असा थ्रो केला नव्हता. बॉल थेट येऊन दांड्यावर आदळला. धूळ उडाली, इनायत धुळीत लोळत आला. केळवसेकर सवयीनं ओरडले आणि सवयीनंच माना खाली घालू लागले.

जैदचा हात जरा वेळ तसाच लोंबत राहिला. मग हळूहळू त्याचं बोट वर गेलं.

मैदानाला काय झालं ते समजेना. मग केळवश्याचा तंबू उसळला. अम्मीनं अदीबाला मिठी मारली, तबिश गुडघ्यांवर बसून रडत होता. आणि गर्दीपलीकडे इनायत उठून भावाकडे पाहत होता. ती नजर पाहून अदीबानं अम्मीची मिठी सैल केली.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग कुणीतरी मेट्रोचं बोललं. जैद आणि तबिशची बहीण रोज एका डब्यात असतात, हे दोन्ही गावांत पोचायला व्हॉट्सॲपला कितीसा वेळ लागतो? दाभटेकर म्हणाले, पोरीपायी भावाला विकलं. केळवसेकर दात काढून म्हणाले, आमच्या पोरीनं कप आणला. हे दुसरं जास्त झोंबणारं होतं.

तबिश घरी आला तो बूट हातात घेऊन. ते त्यानं कोपऱ्यात टाकले. "थ्रो माझा होता की तुझा, तेवढं सांग," तो म्हणाला. तो नवा शर्ट कपाटातच राहिला, आणि तबिशनं मैदानावर जायचं सोडलं.

मग अदीबानं ठरवलं. त्यानं आपल्यासाठी बोट वर केलं असेल, तर खलास. भावाची हयातीतली एकच खरी गोष्ट खोटी करणाऱ्याशी ती लग्न करणार नव्हती, मग त्या भुवईनं कितीही वर जावं.

तिनं त्याला स्टेशनबाहेरच्या करकच्या टपरीवर गाठलं. तो वाळला होता. इनायत घरात त्याच्याशी बोलत नव्हता, संघातून त्याचं नाव कापलेलं.

"खरं सांग," ती म्हणाली. "माझ्यासाठी दिलंस?"

जैदनं पेला खाली ठेवला. "तुझ्यासाठी... देणारच नव्हतो."

"म्हणजे?"

"भाय बाहेर होता. वीतभर. मला स्वच्छ दिसलं. पण बोट वर करायच्या आधी तू डोळ्यांपुढे आलीस. वाटलं, आता आउट दिलं तर सगळे तुझं नाव घेतील. म्हणून हात उचलेना. गप्प राहिलो असतो तर कुणी काही म्हटलं नसतं, आमच्यात कुणी रनआउट देतच नाय." त्यानं मान वर केली. "मग वाटलं, हिच्यापायी खोटं वागलो, तर रोज हिच्यासमोर बसायचं कुठल्या तोंडानं? तू आवडतेस मला, अदीबा. फार आवडतेस. पण तो आउट होता."

अदीबाचे डोळे भरून आले. तिचा त्याच्यावर विश्वास बसला, कसलाही पुरावा न मागता बसला. पण तबिशचं काय? रेषेवर आधी बॉल पोचला की बॅट, हे ठामपणे सांगू शकेल असा आणखी एकच माणूस होता, खुद्द इनायत, आणि त्याला विचारायला जैद तयार नव्हता. बोट मी वर केलंय, आता त्याच्याकडून कबुली मागायला जाणार नाही, असं त्यानं निक्षून सांगितलं.

जैद नाही तर नाही. दुसऱ्या दिवशी क्लिनिकच्या मागच्या जिन्यात उभी राहून अदीबानंच इनायतला फोन लावला. "इनायतभाय, माझ्यासाठी काही मागत नाय मी. माझ्या भावानं बूट टाकून दिलेत. त्याचा थ्रो खरा होता की नाय, हे तुम्हालाच ठाऊक हाय. मला सांगू नका. जमलं तर त्याला सांगा."

पलीकडून फोन कट झाला.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली आणि बेल वाजली. दारात इनायत, फायनलला लोळला तेव्हापासून लंगडत. मागे त्याची बायको मरियम हातात मिठाई घेऊन, आणि सगळ्यांत मागे जैद, ज्याला आपल्याला इथं कशाला ओढून आणलंय हेच माहीत नव्हतं. अम्मीनं लगबगीनं पदर सावरला. मरियमनं गोड बोलून जैदसाठी अदीबाला मागणी घातली. जैद आ वासून वहिनीकडे बघायला लागला.

तबिश भिंतीला टेकून उभा होता. "आधी मला एक सांग," तो इनायतकडे रोखून पाहत म्हणाला. "आउट होतास?"

खाडीच्या कुठल्याच काठावर ‘मी आउट होतो’ असं आजवर कुणी स्वतःच्या तोंडानं म्हटलं नव्हतं. इनायतनं दाढी खाजवली. छताकडे पाहिलं. धाकट्या भावाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"होतो," तो म्हणाला. "चांगला हातभर बाहेर होतो. हा सगळ्यांना वीतभर सांगतोय, ते माझी लाज राखायला. असा थ्रो मी बघितला नाय तबिश. दोन आठवडे भावाशी बोललो नाय, ते खोट्याचा राग होता म्हणून नाय. खऱ्याचा होता."

तबिश हुंदका आवरत पुढे आला आणि त्यानं इनायतला कडकडून मिठी मारली. अम्मीनं डोळे पुसत अदीबाकडे वळून विचारलं, "तुझं काय म्हणणं, बेटा?"

"मला कबूल हाय," अदीबा म्हणाली.

पण तिचं ऐकायला होतं कोण? तबिशनं तोवर गावाला फोन लावला होता. "चाचा, इनायत आउट होता! स्वतः म्हणाला! आत्ता, माझ्या घरात!" पलीकडून अख्खं केळवसे ओरडत होतं. बहिणीचं लग्न ठरलं हे त्याच्या गावीही नव्हतं. मरियम हसून हसून लोळत होती, अम्मी फोन हिसकावायला धावली होती.

त्या गोंधळात जैद सरकत सरकत दारापाशी आला. त्याचे कान लाल झाले होते. "आत्ता तू काय म्हणालीस? मला... काही ऐकूच आलं नाय."

अदीबानं एकदा भावाकडे पाहिलं. तो फोन कानाला लावूनच कोपऱ्यातले बूट शोधत होता. मग तिनं जैदकडे पाहिलं, सरळ, काचेतून नाही.

"कबूल हाय म्हणाले," ती म्हणाली. "तुझ्यासाठी आणखी एकदा."