हाताची जाग

दस्तगीरभाईंच्या मज्जासेतूची बॅटरी दोन दिवस पुरायला हवी, ती रोज जेवणाआधीच मान टाकायला लागली होती. म्हणून सेतू बनवणाऱ्या कंपनीने आपली इंजिनिअर वसुधा आवटी हिला मिरजेला धाडलं.

दस्तगीरभाई सतारीची जवारी काढणारे कारागीर. तार टेकते ती हाडाची घोडी कानसीने केसभर घासायची आणि सुरात झंकार आणायचा, हे त्यांचं काम. अपघातात उजवा हात निर्जीव झाला तेव्हा सगळं संपल्यातच जमा होतं. मग हा सेतू आला. मेंदूचा हुकूम तो खांद्यापाशी पकडतो आणि मनगटावरच्या पट्ट्यातून बोटांना पोचवतो.

वसुधाने पट्टा उघडून मीटर लावला. हात स्वस्थ असताना प्रवाह शून्य हवा, पण काटा थोडा वर होता.

"नळ बंद करूनही थेंब गळावेत, तसं झालंय," ती म्हणाली. "इथे नळ म्हणजे हा ट्रान्झिस्टर."

तिने तो गरम करून पाहिला. दोष त्याचा असता तर गळती वाढली असती. वाढली नाही. नवा बसवला, तरी काटा तिथेच. म्हणजे वीज दुसऱ्याच वाटेने ट्रान्झिस्टरपर्यंत पोचून त्याला अर्धवट उघडं ठेवत होती. भिंगाखाली सर्किटच्या पट्टीवर करडी साय दिसली.

"पेन्सिल कुठे ठेवता?"

"ह्या पट्ट्यातच की! तार सरकावी म्हणून खाचंत शिसं घासायला लागतंय घडीघडी."

वसुधाला हसू आवरेना. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, हे सेतू बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. सतारवाला पेन्सिल कुठे खोचेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने पट्टी स्पिरिटने पुसली. काटा शून्यावर आला आणि तिला मनापासून बरं वाटलं.

दस्तगीरभाईंनी कानस उचलली. पहिलाच हात जड पडला. दुसऱ्या वेळी कानस घसरली. चांगली घोडी वाया गेली. तार छेडली तर नुसतं ठक्क वाजलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, हात गेला माझा."

"हात नाही, गळती गेली."

"मग तीच माझा हात हुती. ती हुती तवा बोटं जागी असायची. आता हुकूम येईस्तवर मेल्यागत पडत्यात."

पण ती गळती ठेवता येणार नव्हती. "दस्तगीरभाई, सतत झिरपणारी वीज नस जाळते. तीन वर्षांत हात कायमचा जाईल."

"तीन वर्षं जवारी तर निघंल."

तिला राग आला, आणि वाईटही वाटलं. हा माणूस खरंच तसं करेल, हे तिला दिसत होतं.

"तुमचा हात बघा," ते शांतपणे म्हणाले. "टेबलावर पडलाय. काय काम न्हाई त्याला. बंद हाय का तो?"

तिने पाहिलं. बोटं किंचित वाकलेली होती, काहीतरी धरायच्या तयारीत. तिने बोटांना तसं सांगितलंच नव्हतं. जिवंत स्नायू कधी पूर्ण बंद नसतो, हे ती कॉलेजात शिकली होती. तरीही सेतू करताना सगळ्यांनी मिळून निर्दोष शून्य गाठण्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

"महिनाभर थांबाल? मी दुसरी वाट शोधते. तोवर पट्टीवर शिसं घासू नका," ती म्हणाली.

दस्तगीरभाईंनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

अहवालात 'बिघाड दुरुस्त' लिहायची जागा तिने कोरीच ठेवली. त्याखाली तिने एकच ओळ लिहिली: नस न जाळता हाताला अशी जाग देता येईल का?