निळा थेंब

मास्तरांनी प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर बाटली ठेवली. अर्धी बाटली पाणी, त्यात ग्लुकोज आणि कॉस्टिक सोडा. समोर हायस्कूलचे शिक्षक, वर्गात काय करून दाखवायचं ते शिकायला आलेले. मागच्या बाकांवरचे तेही पोरांसारखे कुजबुजत होते.

हा प्रयोग मास्तर आणि त्यांची बायको वर्षानुवर्षं जोडीनं दाखवत. द्रावण मास्तर करायचे. निळ्या रंगाचा थेंब ती टाकायची आणि ड्रॉपरचं टोक एप्रनच्या खिशाला पुसायची. मास्तर रागवायचे.

"कपडा माझा आहे," ती म्हणायची.

ती गेल्यानंतरचा हा पहिलाच वर्ग. आज फजिती झाली तर हे सगळं बंद, असं मास्तरांनी सकाळीच लेकीला सांगून टाकलं होतं.

"हलवली की निळी, ठेवली की पुन्हा पाण्यासारखी," म्हणत त्यांनी बाटली पुढच्या बाकावरच्या शिक्षिकेच्या हातात दिली. तिनं बूच दाबून धरलं आणि हात उचलले.

तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं. थेंब राहिला होता, आणि त्याशिवाय पाणी निळं होणारच नव्हतं. तो त्यांनी आजवर कधी टाकलाच नव्हता.

"थांबा," म्हणत त्यांनी हात पुढे केला, पण तिनं बाटली हलवलीही होती.

बाटली निळी झाली.

मागची कुजबुज थांबली. शिक्षिकेनं बाटली टेबलावर ठेवली. निळाई हळूहळू विरली, पाणी नितळ झालं.

"सर, मी हलवू?" एक टकले गृहस्थ उठले.

"पोरांचं नंतर बघू, आधी यांचं होऊ द्या," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. बाटली हातोहात फिरली. प्रत्येक हातात निळी झाली.

"पुढच्या वेळी याल ना?" निघताना मुख्याध्यापकांनी विचारलं.

"येईन की," मास्तर बोलून गेले.

सगळे गेल्यावर त्यांनी पिशवी उघडली. रंगाची कुपी कोपऱ्यात होती. नवी, काठोकाठ भरलेली.

सील तसंच होतं.

खाली तिचा एप्रन होता. धुऊन, घडी करून, सवयीनं आणलेला. त्यांनी घडी उलगडली. खिशाच्या कडेला निळा डाग दिसला. जुना असेल म्हणून त्यांनी त्यावर बोट फिरवलं.

बोट निळं झालं.

मास्तरांनी रागवायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"असू दे," ते म्हणाले. "कपडा तुझा आहे."