लीलाबाईच्या हातचं पाणी

राजेश्वरीचं लग्न झालं त्या सालची ही गोष्ट. २०२४. फाल्गुन महिना. हळदीच्या दिवशी, ऐन धावपळीत तिची सुरुवात झाली, म्हणून साल चुकायचा प्रश्न नाही.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पदरचं काही घातलेलं नाही. ज्यानं अंगणात बसून पाहिलं तो नथू आजही आमच्याच वाडीत आहे. ज्यानं लोणावळ्यात पाहिलं तो यशोधन तळेगावात राहतो. दोघं एकमेकांशी कधी बोललेले नाहीत.

पण दोघांनी सांगितलेली वेळ एकच आहे.

आणि ती रात्रीची नाही. दुपारची आहे. लख्ख उन्हाची.

आंदर मावळात, टाकवे गावाच्याही बरंच आत, अंबाजीचं घर. दिवसाला दोन एसट्या, त्याही आल्या तर. घरात दोघंच. अंबाजी आणि त्याची बायको लीलाबाई. मुलगा-सून देहूरोडला. राजेश्वरी ही त्यांची मुलगी. लग्न आजीच्याच अंगणात करीन, हा तिचा हट्ट.

लीलाबाईची एक रीत होती. सासूनं लावलेली. दारात कोणीही येवो, मीटर बघायला आलेला माणूस असो की चुकलेला ट्रेकवाला, ती तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहायची.

"आलात? या. पाणी घ्या."

झऱ्याचं पाणी. त्यात वाळ्याची जुडी. आणि भरला तांब्या परत आत न्यायचा नाही. समोरच्यानं एक घोट तरी घ्यायलाच हवा. तोवर ती उंबऱ्यातून हलायची नाही.

त्या हळदीच्या दिवशी चार पोरं आली. कॅमेरे, तीन पायांचे स्टँड, गोल फिरणारं एक यंत्र. अंबाजीला वाटलं, देहूरोडहून मुलानं लग्नाचे फोटोवाले धाडलेत. लीलाबाईलाही तेच वाटलं. ती नवं लुगडं नेसून आली. पोरांनी तिला दारात उभी केली, चहूबाजूंनी टिपली.

"आजी, परत एकदा म्हणा ना. पाणी घ्या."

तिनं दहा वेळा म्हटलं. हसत हसत. पोरांनी घर टिपलं, गोठा टिपला, तुळस टिपली. जाताना एक कागद पुढे केला. इंग्रजी.

अंबाजीनं सही केली.

चाळीस वर्षं अंगठा उठवलेला माणूस. रात्रीच्या वर्गात, कंदिलाखाली सही शिकलेला. कुठेही कागद दिसला की त्याचा हात शिवशिवायचा. मांडवात सगळ्यांसमोर त्यानं ती सही केली, शेवटी खाली रेघसुद्धा ओढली.

लग्नाचे खरे फोटोवाले दुसऱ्या दिवशी आले. तेव्हा थोडं हसू झालं. मग सगळे विसरले.

दिवाळी झाली. राजेश्वरीचा नवरा सत्यम एका संध्याकाळी एकटाच आला. तळेगावच्या कारखान्यात कामाला, बोलका पोरगा. त्या दिवशी मान वर करीना.

"आबा, मित्रांबरोबर लोणावळ्याला गेलो होतो. चिक्कीच्या दुकानावर नवीन गेम आलाय. व्हीआर. डोळ्यांवर तो मोठा चष्मा बांधतात, मग आपण दुसरीकडेच असतो."

"मंग?"

"मी बांधला." त्यानं गोठ्याकडे पाहिलं. "आबा… आत आपलं घर आहे."

"आपलं कुटलं?"

"हेच. हा गोठा. ही तुळस. सगळं. फक्त अंधार केलाय, जाळ्या लावल्यात. आणि दारात आजी आहे."

लीलाबाई चुलीपुढून म्हणाली, "आगं बया. मी? नव्या लुगड्यात हाय का?"

सत्यमनं मोबाइल काढला, दुकानाची पाटी दाखवली. पाटीवर लीलाबाईचा चेहरा होता. डोळे पांढरे केलेले. वर लाल अक्षरं.

अंबाजीनं बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. ह… ड… ळी… चं. घ… र.

एवढं वाचायला शिकल्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

खेळ असा होता. अंधारातून चालत घरापर्यंत जायचं. दारात म्हातारी येते, तांब्या पुढे करते. तो घ्यायचा नाही. घेतला की हरलात. न घेता पळत फाटकापर्यंत आलात की जिंकलात. शनिवार-रविवारी जिन्याखालपर्यंत रांग.

"म्हंजे मानसं येत्यात," लीलाबाई म्हणाली, "आन् पानी न घेताच जात्यात?"

तिला एवढंच लागलं. हडळ म्हटल्याचं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सुरू झालं.

सकाळी दहाच्या सुमाराला ती भाकरी थापत होती. मधेच थांबली. कान दिला.

"कोन आलंय."

अंबाजीनं बाहेर पाहिलं. अंगण मोकळं होतं.

ती तांब्या भरून उंबऱ्यात गेली. "आलात? या. पाणी घ्या." हात पुढे करून उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी उभीच.

"अगं, कुनी न्हाई."

"हाय की. पळालं बगा. घेतलंच न्हाई." ती जागची हलली नाही. "दुसरं आलं."

अंधार पडेपर्यंत ती तशीच. अंबाजीनं तांब्या तिच्या हातातून घेतला, स्वतः प्यायला. तिनं तो पुन्हा भरला.

"तुमी न्हाई वो. दारातल्यांनी घ्यायला पायजे."

रविवारी तेच. सोमवारी मात्र ती उठली, शेण काढलं, शेजारणीशी भांडली, सगळं पूर्वीसारखं.

पुढच्या शनिवारी पुन्हा.

अंबाजीनं सत्यमला फोन लावला. "त्ये दुकान बंद कवा असतंय?"

"सोमवार ते शुक्रवार, आबा. का?"

अंबाजीनं फोन ठेवला.

वाडीतही बातमी पसरली होती. पोरांच्या मोबाइलवर चित्रं फिरत होती. पुण्यामुंबईचे लोक किंचाळताहेत, पळताहेत, पडताहेत, आणि समोर लीलाबाई. आधी बायका हसल्या. मग त्यांची पोरं अंबाजीच्या दारावरून धावत जाऊ लागली.

संक्रांतीला हळदीकुंकवाला आठ बायका आल्या. वाण घेतलं. तिळगूळ पदरात बांधला. लीलाबाईनं पाणी पुढे केलं…

एकीनंही तांब्याला हात लावला नाही.

"आत्ताच पिऊन आलो, मावशी."

आठही जणी आत्ताच पिऊन आल्या होत्या.

त्या रात्री तिनं भाकरीचा तुकडा मोडला नाही. दोन महिन्यांत ती निम्मी झाली होती. उभं राहून पाय सुजलेले. अंबाजीनं डॉक्टरला दाखवलं, त्यानं शक्तीची बाटली दिली. दुखणं काय, ते डॉक्टरला सांगायचं कसं?

"अवो," ती म्हणाली, "एक तरी मानूस घील का वो? मला आत येऊन बसायचंय."

रविवारी, १९ जानेवारीला, अंबाजीनं नथूला अंगणात बसवलं. नथू शेजारचा, लहानपणापासूनचा सोबती.

"हिच्याकडं बघ. मी लोनावळ्याला जाऊन येतो."

"काय करनार तितं? कोयता घेऊन चाललाय का?"

"न्हाई. पानी प्यायला चाललोय."

नथूला काही कळलं नाही. अंबाजी पहिल्या एसटीनं कान्हे स्टेशनला आला, तिथून लोकलनं लोणावळ्याला.

चिक्कीच्या दुकानावरचा जिना. वर गार हवा, निळे दिवे. लोक झापड बांधलेल्या बैलांसारखे एकाच जागी चाचपडत होते. कोणी हसत होतं, कोणी आईला हाक मारत होतं. यशोधन तिथला खेळ चालवणारा. खेळ बांधणाऱ्यांतलाही तोच एक. हळदीच्या दिवशी गोल यंत्र फिरवणारा पोरगा. त्यानं ओळखलं.

"आबा! बसा ना. चहा सांगू?"

"माजी बायको काड त्यातनं."

पोराचा चेहरा उतरला. पण तो वाईट नव्हता. खुर्ची दिली, समजावू लागला.

"ते माझ्या हातात नाही, आबा. तुमची सही आहे. आणि खरं सांगू का, लोकांना फार आवडलंय. आता पुढे हे घरोघरी होणार. लोकांना लोणावळ्यापर्यंत यायलाच लागणार नाही, लोणावळाच त्यांच्या घरी जाईल. आजी कायमच्या राहतील यात. माणूस गेलं तरी आत असंच राहतं."

"मंग जित्या मानसानं कुटं ऱ्हायाचं?"

यशोधननं हातातला चष्मा पुसायला घेतला.

"मला बांद त्ये," अंबाजी म्हणाला.

रांगेतल्या लोकांनी वाट दिली. म्हाताऱ्याला चष्मा चढवताना दोघांतिघांनी मोबाइल वर धरले.

आधी नुसता काळोख. मग पायवाट. अंबाजी चालला. करवंदीची जाळी, वाकडा आंबा, गोठा. गोठ्यात त्याचा ढवळ्या उभा होता. लग्नानंतर महिन्याभरात मेलेला बैल. रवंथ करत होता.

कुठे काही चुकलेलं नव्हतं. मांडवाचं तोरणसुद्धा दारावर तसंच होतं. वाळलेलं.

उंबऱ्यापाशी त्यानं पायातल्या चपला काढल्या. बाहेर लोक हसले. ते हसू त्याला लांबून ऐकू आलं, ओढ्यापलीकडून यावं तसं.

दार करकरलं…

लीलाबाई बाहेर आली. केस मोकळे सोडलेले. डोळे पांढरे. पाय उलटे केलेले. त्या उलट्या पायांत जोडवी होती. त्यानंच घातलेली.

"आलात? या. पाणी घ्या."

"आलो," अंबाजी म्हणाला.

"आबा, घेऊ नका," यशोधनचा आवाज आला. "मागे वळा. घेतलंत तर संपेल."

लीलाबाई हात पुढे करून उभी होती. पाय सुजलेले होते. ते कुठल्या कॅमेऱ्यानं टिपलं होतं? फाल्गुनात तर ती धडधाकट होती.

आणि मग ती बोलली… जे हळदीच्या दिवशी कोणी म्हणवून घेतलं नव्हतं ते.

"दमले वो मी."

अंबाजीनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला.

तो गार होता. जड होता. वाळ्याचा वास आला. तो प्यायला, एका दमात, तळापर्यंत.

सगळं काळं झालं.

यशोधननं चष्मा काढला. अंबाजीचा सदरा गळ्यापासून पोटापर्यंत ओला होता. तिथे वर पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत. हसणाऱ्यांनी मोबाइल खाली घेतले होते. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

आता नथूनं पाहिलं ते.

लीलाबाई सकाळपासून उंबऱ्यात होती. नथूनं दोनदा म्हटलं, वहिनी, मी पितो. तिनं मानेनंच नाही म्हटलं. उन्हं कलायला लागली. एकाएकी तिनं तांब्या पुढे केला, नेहमीपेक्षा जरा वर, उंच माणसाला द्यावा तसा.

तांब्या तिच्या हातात आपोआप तिरका होत गेला.

पाणी खाली पडलं नाही. नथू शपथेवर सांगतो. सारवलेली जमीन कोरडी राहिली.

"घेतलं बाई एकदाचं," ती म्हणाली.

मग आत वळली, भिंतीला टेकून बसली. नथूनं हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. जवळ गेला तर मान कलली होती. तांब्या मांडीवर, रिकामा. त्यानं मुलाला कळवायला फोन काढला. तीन वीस.

दहावं झालं, तेरावं झालं. वाडीतल्या बायका येऊन पोटभर रडल्या. त्यांना पाणी अंबाजीनंच दिलं. सगळ्यांनी घेतलं.

माघात यशोधनचा फोन आला.

"आबा, तुम्ही त्या दिवशी काही केलंत का? ती आता पाणी देत नाही. दारात येते, बघते, आत जाते आणि आतून कडी लावून घेते. आम्ही सगळं तपासलं. कडी आम्ही बनवलेलीच नाही."

"लावू दे," अंबाजी म्हणाला.

लोकांनी तक्रारी केल्या, रांग ओसरली. मालकांनी पाटी उतरवली. अंबाजीला बरं वाटलं. पहिल्यांदा नीट झोप लागली असं तो नथूला म्हणाला.

मेमध्ये पुन्हा फोन.

"आबा, आम्ही ते आता पुसून टाकणार आहोत. त्याआधी म्हटलं तुम्हाला सांगावं. काल मी एकटाच आत गेलो होतो. दार बंदच होतं. पण आतून बोलणं ऐकू येतं. आजींचा आवाज आहे. आणि… दुसरा कोणीतरी आहे. म्हातारा. मधून मधून खोकतो."

अंबाजीनं एवढंच विचारलं.

"उंबऱ्याभाईर चपला हायेत का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आहेत," यशोधन म्हणाला.

अंबाजीला तेव्हा खोकला नव्हता. श्रावणात लागला.

खेळ पुसला की नाही, मला माहीत नाही. यशोधनला मी दोनदा विचारलं, तो विषय बदलतो. त्या कागदाची एक प्रत अंबाजीच्या पेटीत सापडली. सही फार सुबक आहे. मी ती जास्त वेळ पाहू शकलो नाही.

लीलाबाई १९ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी वारली. अंबाजी त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला वारला. तोही रविवार होता. त्याच्या चपला घरात कुठेच सापडल्या नाहीत.