वाट अडवणारं यंत्र

“जरा वाट सोडता?”

“सोडली असती हो… पण बॅटरी संपलीय.”

कारखान्याच्या अरुंद बोळात तो उभ्याचा उभा अडकला होता. कमरेपासून टाचांपर्यंत धातूच्या पट्ट्या, गुडघ्यांवर मोटारी आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू. माझ्या चाकांच्या खुर्चीला पुढे जायला जागाच नव्हती. मांडीवर त्याच्याच यंत्रासाठी मी शिवलेल्या कापडी पट्ट्यांचा गठ्ठा.

“सिनेमात असलं काही घालून लोक उडतात,” मी म्हटलं.

“सिनेमात चार्ज करायला कुणी विसरत नाही.”

मी इतकी हसले की गठ्ठा खाली पडला. तो उचलायला त्याला वाकता येईना… मग तर दोघंही हसत सुटलो.

लहानपणीच्या तापात माझे पाय गेले. म्हणून यंत्र तयार झाल्यावर तो म्हणाला, “पहिली तूच,” तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. माझे हात धरून तो उलटा चालत होता. मी पाऊल टाकलं — टाकलं कसलं, यंत्राने टाकलं! प्रत्येक पावलाला माझा उजवा खांदा किंचित झुकत होता. थेट त्याच्यासारखा.

“अहो, ही तर तुमची चाल!”

तो कानांपर्यंत लाल झाला. “मापं… माझीच घेतली होती. बदलतो लगेच.”

“राहू दे… आजच्यापुरती.”

मग रोज काम आटोपलं की तेच. तो मोटारी जुळवायचा, मी पट्टे उसवून नव्याने शिवायची, आणि बोलणं काही संपायचं नाही.

एकदा पट्टे सोडवता सोडवता तो घुटमळला. “उद्या आई येतेय. तुझ्याबद्दल सांगायचंय तिला… तू हे घालून उभी असलीस, तर…”

“तर काय?”

“तिला सोपं जाईल.”

मी आवाज चढवला नाही. “रोज सकाळी मी बसूनच हात जोडते. आधी उभी राहा, असं देव एकदाही म्हणाला नाही. तुमच्या आईला कशाला हवंय? वरच्या फळीवरचा तागा काढायचा असेल, तेव्हा घालीन मी हे. पसंत पडायला नाही.”

शेवटचा पट्टा माझा मीच सोडवला.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीतूनच गेले. त्याच बोळात मायलेक समोर आले. त्याच्या आईची नजर माझ्या चाकांवर थबकली.

“ही कोण रे?”

झालं… आता म्हणेल, पट्टे शिवणारी.

“आई, काल मी हिला तुझ्यासाठी उभी राहा म्हणालो. लाज वाटतेय मला त्याची. ही जशी आहे… तशीच मला… म्हणजे मी हिच्याशी…”

पुढे शब्दच फुटेना.

“यांची बॅटरी अशीच संपते,” मी म्हटलं.

“लहानपणापासून!” आई म्हणाली. “सरक रे, मला हिच्याजवळ येऊ दे.” आणि शेजारचं खोकं ओढून ती माझ्या उंचीला येऊन बसली.

तो भिंतीला चिकटला. “मग मी… जाऊ का?”

“जागचे हलू नका,” मी म्हटलं. “तुमचं वाक्य पुरं व्हायचंय अजून.”