सात नंबरची ओ

जेवणं झाली की माझे चुलतसासरे मधुकाका गच्चीच्या दाराशी खुर्ची ओढतात आणि "घडलेली आहे बरं का" असं आधीच सांगून टाकतात. ऐकायला मी, नणंद सीमंतिनी आणि हे, म्हणजे अभिराम. ह्यांना संगणकातलं कळतं, त्यामुळे मधे बोलतात.

"माझ्या ओळखीतला शंतनु. अकरा जानेवारी, दोन हजार पंचवीस, शनिवार. आपल्या गावच्या किला गेटवर उभं राहून किला दिसत नव्हता, एवढं धुकं."

शंतनु वडिलांना रजई द्यायला निघाला होता. वडील, पांडुरंगराव, तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात, चार नंबरच्या पलंगावर. प्रत्येक पलंगाशी नाडी मोजणारं यंत्र, आणि सगळी यंत्रं खालच्या एका संगणकाला जोडलेली. संगणक शंतनुनेच बसवलेला. रजई देऊन परतताना नर्स गरिमाने त्याला अडवलं. संगणक बंद पडला होता. रात्री कुणाला काही झालं तर कळणार कसं?

काकांनी आम्हाला समजावलं. संगणकाच्या गाभ्यात कर्नेल असतं, हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखं. ते एकेका ड्रायव्हरला, म्हणजे त्या त्या यंत्रासाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामला, उठवतं. ड्रायव्हर आपल्या यंत्राला हाक मारतो. ओ आली की यंत्राचं नाव यादीत चढतं.

"काका, हाक नाही, प्रोब म्हणतात," हे म्हणाले.

"लग्न झालंय ना तुझं? मग ऐकून घ्यायची सवय कर."

मी मान खाली घालून मटार सोलत राहिले.

दुरुस्तीत रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली. शंतनुने संगणक सुरू केला. एक, दोन, तीन, ठीक. चार: यंत्र सापडलं नाही. पाच, सहा, ठीक. सात: सापडलं. नाडी बहात्तर.

संध्याकाळी बाबांची नाडी बहात्तरच होती.

सात नंबरची खोली दिवाळीपासून बंद. तिथलं यंत्र भंगारात गेलेलं. ड्रायव्हर तेवढा यादीतून काढायचा राहिला होता. शंतनुचा आळस, दुसरं काय.

त्याने किल्ली घेतली. कुलूप उघडलं. भिंतीतून वायर लोंबत होती. टोकाला काहीच नव्हतं.

तो शेजारच्या वॉर्डात चार नंबरकडे धावला. बाबा जागे होते. बोटाला चिमटा, चिमट्यात लाल दिवा.

"शंतनु, आत्ता मला हाक कुणी मारली?"

"कुणी नाही, बाबा."

"रात्री एकाच हाकेला ओ देऊ नये म्हणतात..." बाबा थांबले. "मी दिली रे."

"कुठून आली हाक?"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे सात नंबर.

शंतनु खाली पळाला. सातचा ड्रायव्हरच काढून टाकला. हाक मारणारा नसेल तर बाबा परत चारवर येतील... संगणक पुन्हा सुरू केला.

एक. दोन. तीन.

चार...

चार...

वरून गरिमाचा आवाज आला. "सर... ऊपर आइए."

सीमंतिनी सरकून माझ्याजवळ आली.

तेरावं झाल्यावर शंतनु यादी तपासायला गेला. सात नव्हता. सहाच्या खाली आठ होता. त्या दवाखान्यात आठवा पलंग कधी नव्हताच.

प्रत्येक ड्रायव्हरमध्ये लिहिणाऱ्याचं नाव असतं. बाकी सगळ्यांत शंतनुचं. ह्या आठमध्ये पांडुरंगरावांचं. ज्यांना मोबाइलवर नंबरसुद्धा धड लावता येत नसे.

खाली एकच ओळ.

ड्रायव्हर सुरू आहे. यंत्राची वाट पाहत आहे.