उघडं कार्ड

झुलाल मिस्तरीला चार वर्षांपूर्वी एक पत्र आलं होतं, आणि त्यानं त्याचं उत्तर दिलं नव्हतं. विसरला होता असं नाही. विसरता आलं असतं तर त्यानं केव्हाच उरकून टाकलं असतं. पत्र साक्रीकडच्या एका खेड्यातलं. अक्षर तिथल्या तोताराम गुरुजींचं, बोल मंजुळाबाईचे. 'भाऊ म्हणतो पाट लाव. मला लावायचा तर तुमच्याशीच. होय की नाही ते कळवावे.'

त्यांच्यात विधवेचा पाट लागे, दुसरं लग्न होई, त्यात नवल नव्हतं. पण बाईनं आपण होऊन विचारावं, तेही गुरुजींना सांगून... हे नवलच होतं.

आणि आता, एकोणीसशे अडतीस सालच्या माघ महिन्यात, धुळ्याच्या शेतकी प्रदर्शनात, तीच मंजुळाबाई त्याच्या टेबलासमोर उभी होती. हातात उसाचं कांडं. नजर त्याच्याकडे नव्हती, टेबलावरच्या लोखंडी बगळ्याकडे होती.

"हाऊ बगळा काय करस?" तिनं विचारलं.

सकाळपासून शंभर माणसांनी हेच विचारलं होतं. पलीकडे नांगर होते, पाण्याची इंजिनं होती. तिथं जाता जाता लोक इथं थबकत आणि विचारत, याचा उपयोग काय? झुलाल दमला होता. त्यानं मान वर न करताच सांगितलं, "काहीच नही. उभा ऱ्हास."

"मंग तुनासारखाच शे."

तेव्हा त्यानं वर पाहिलं.

कानाजवळचे केस पांढरे झाले होते. बाकी सगळं तेच — हसू ओठांच्या एकाच कोपऱ्यात ठेवायची ती जुनी खोडसुद्धा.

जळगावच्या एका कापसाच्या जिनात झुलालनं सव्वीस वर्षं काढली होती. मंजुळाबाई तिथं तीन हंगाम कापूस टाकायला होती. जिनात यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांनी. पाणी हवं तर अंगठा ओठाला, मुकादम आला तर मिशीवर बोट. मंजुळाबाईचं चौदा नंबरचं यंत्र आठवड्यातून तीनदा बंद पडे. मिस्तरी पाना घेऊन येई, झाकण उघडी, आत वाकून बघे. बिघडलेलं काहीच नसे. तो तिच्याकडे बघे, ती छताकडे. मग तोही उगाच एक नट सैल करी आणि पुन्हा आवळी, कारण लगेच परत जायचं जिवावर येई.

मग ती भावाकडे गेली, आणि ते पत्र आलं.

तेव्हा तो पंचेचाळीसचा होता. उजवा कान गेलेला. घरी येऊन भाकरीचा तुकडा तोंडात असतानाच त्याचा डोळा लागे. असल्या माणसाचं बाईनं करायचं काय? आज लिहू, उद्या लिहू... आणि लिहायला बसलं की हात असे जड, जणू ते कुणा दुसऱ्याचेच.

त्याच दिवसांत तो सुट्टीच्या दिवशी मेहरूणच्या तळ्यावर जाऊन बसू लागला. तिथं बगळे असत. जिनात गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे पडलेले असत. ते आणून, तापवून, ठोकून त्यानं एक बगळा केला. वाकडा झाला. दुसरा केला. इतकी वर्षं त्यानं जे जे केलं ते कशात तरी बसवायला केलं होतं. केसभर चुकलं तरी यंत्र अडायचं. हा बगळा कशातच बसवायचा नव्हता. एवढ्या एका गोष्टीनं त्याला फार हलकं वाटलं. गेल्या साली जिन सोडून तो पत्र्याच्या एका शेडमध्ये हेच करीत बसला होता. कुणी 'कलावंत' म्हणालं की त्याला लपावंसं वाटे.

"मिस्तरी, तब्येत बरी शे ना?" मंजुळाबाईनं विचारलं.

"शे." तो उठला. बसायला स्टूल द्यावं असं वाटलं, पण दिलं नाही. "मंजुळाबाई... ते पत्र..."

"पोचनं व्हतं का?"

"पोचनं व्हतं."

"मी बठ्ठा गावले सांगस, पोस्ट लांब शे." ती उसाचं साल दातांनी सोलत म्हणाली. "चार वरीस झायात. पोस्टमन दिखना की पोऱ्हं मना आंगे दखतस. म्हाताऱ्या ईचारतस, ऊनं का वं तुनं उत्तर?"

झुलालनं बगळ्याची चोच पुसली. ती स्वच्छच होती.

"आते भाऊ ऐकत नही," ती हळू म्हणाली. हसू गेलं होतं. "पिंपळनेरना एक जण शे. होळीपावत तुनं उत्तर नही ऊनं तर भाऊ त्याले हो सांगी दी."

माणसं येत होती, जात होती. नांगराच्या दुकानापुढे कुणीतरी ढेकळं फोडून दाखवत होतं. झुलालनं घसा खाकरला. जिनाच्या आवाजात त्याला हे सोपं गेलं असतं.

"हो," तो म्हणाला. "मना हो शे."

"माले काय सांगस?" ती म्हणाली. "माले चार वरीसपासून मालूम शे. गावले सांग."

"मंग... पाकीट धाडस."

"पाकीट नको. कार्ड."

"कार्ड? कार्ड बठ्ठा वाचतीन!"

"मंग! मी सांगं तव्हय शाळाना ओट्यावर सात जण बशेल व्हतात. गुरुजी लिखे आनि सात जण ऐकेत. माले लाज नही ऊनी?" तिनं उसाचा एक करवा तोडला आणि टेबलावर, बगळ्याच्या पायाशी ठेवला. "आनि तुना हातनं लिख. दुसराना हातनं नको."

"मनं अक्षर..."

"दखेल शे. चौदा नंबरवर खडूनी लिखस ते."

"अक्का! चाल, मोटार सुटी जाई!" तिकडून तिचा भाऊ भाईदास ओरडला. ती पदर सावरत गेली. दहा पावलांवर एकदा वळली. आणि झुलालला वाटलं, हिला थांबवावं. पाय हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन आवरलं. लोखंडी पक्षी पोत्यात भरून तो पोस्टात गेला आणि चार कार्डं घेतली. खिडकीशेजारच्या बाकावर बसला. पहिल्या कार्डावर त्यानं आधी पेन्सिलनं समांतर रेघा आखल्या, मग त्या रेघांत अक्षरं मावेनात. दुसऱ्यावर इतकं जपून लिहिलं की ते कोर्टातल्या अर्जासारखं झालं. तिसऱ्यावर 'मंजुळाबाईस' एवढं लिहिलं आणि त्याला तो ओटा दिसला. गुरुजींचा चष्मा, सात माणसं, म्हाताऱ्या, पोरं. तसाच उठून स्टेशनवर जावं, गाडी धरावी, घरी जाऊन निजावं... निजणं त्याला चांगलं जमत होतं. चार वर्षं जमलं होतं.

पण त्या ओट्यासमोरून ती रोज जात असेल.

चौथ्या कार्डावर त्यानं रेघा आखल्या नाहीत. अक्षरं जशी आली तशी येऊ दिली, काही मोठी, काही वाकडी.

'मंजुळाबाईस झुलाल मिस्तरीचा नमस्कार. तुमचे पत्र वेळेवर पोचले. पोस्टाचा दोष नाही. उशीर मी केला. मी भित्रा माणूस आहे. आता थकलोही आहे, आणि उजव्या कानाने ऐकू येत नाही. मी लोखंडाचे पक्षी करतो, त्यांचा उपयोग नाही. एवढे चालत असेल तर पाट लावायला माझे होय आहे. पहिल्या दिवसापासून होते. होळीच्या आत येतो. तोताराम गुरुजींनी हे कार्ड ओट्यावर मोठ्याने वाचावे.'

शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली. खोडावीशी वाटली. खोडली नाही.

पेटीजवळ गेला. कार्ड फटीत अर्धं सरकवलं आणि तसंच धरून उभा राहिला. अर्धं आत, अर्धं हातात. मागे एक तरुण माणूस पाकीट घेऊन उभा होता. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली.

"झालं का, आबा?"

झुलालनं बोटं सोडली.

"झालं," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.