थांबायला शिकलेलं बी

एकविसशे सतरा साली कोकणच्या दक्षिण टोकाला रानजायफळाची एकच राई उरली होती आणि ती पाइपच्या पाण्यावर जगत होती. डोंगरातले झरे आटून तीस वर्षं झाली होती. ही झाडं बारा महिने घोटाभर पाण्यात उभी राहणारी; श्वास घेण्यासाठी त्यांची मुळं गुडघ्यांसारखी चिखलातून वर आलेली. म्हणून धरणातून त्यांना रोज पाणी सोडलं जाई. त्याच धरणाचं पाणी खालच्या तीन गावांना चार दिवसांतून एकदा मिळे.

राईची राखण शेवंती गवसकडे होती. नावाला राखण, खरं काम धावपळीचं. चैत्रात बी पडलं की ते ओल्या काथ्यात गुंडाळून पाच दिवसांत रोपवाटिकेत पोचवायचं. सहाव्या दिवशी ते मेलेलं असे. अठ्ठावीस वर्षं तिनं हेच केलं. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा ती बी घेऊन गेली होती.

"भात वर्षभर कणगीत राहतो. यालाच एवढी कसली घाई?" रोपवाटिकेत प्रयोग करायला आलेल्या डॉ. विशाखा धुरींना तिनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"भाताचं बी रोपावर असतानाच सुकायची तयारी करतं, काकी," विशाखाताई म्हणाल्या. "पेशींतलं पाणी जायला लागलं की त्या जागी ते एक साखर भरतं. ती घट्ट होत होत काचेसारखी गोठते आणि आतलं सगळं जिथल्या तिथे धरून ठेवते. रानजायफळाला कोरडी जमीन कधी माहीतच नव्हती, म्हणून ते हे शिकलंच नाही. त्याचं बी सुकलं की पेशींची आवरणं फाटतात."

ती साखर बियांना बाहेरून पुरवायची, असं विशाखाताईंनी ठरवलं होतं. आपल्या द्रावणाला त्या 'काचरस' म्हणत. सहा हंगाम त्यांनी बिया काचरसात भिजवल्या आणि हळूहळू सुकवल्या. ताज्या बियांत चाळीस टक्के ओल असे. ती पंचविसाच्या खाली उतरली की बी आतून काळं पडे.

सहाव्या हंगामाच्या शेवटी त्या अशाच काळ्या बियांच्या ढिगासमोर बसल्या होत्या. शेवंतीनं शेजारी बसून सकाळीच पडलेलं एक बी चिरलं.

"हे बघा, याचा मोड आत हलायला लागलाय. मी नेते तेव्हा पिशवीतसुद्धा हे वाढत असतं, हाताला कळतं. तुम्ही खाली पडलेलं बी घेता. ते निघालेलं असतं हो. त्याला आता थांब म्हणून काय उपयोग? झाडावर असतानाच सांगा की."

विशाखाताईंनी ते चिरलेलं बी हातात घेतलं. "किती दिवस आधी?"

"साल पिवळी होते पण तडकत नाही, तो आठवडा."

पुढच्या हंगामात शेवंती स्वतः शिडी लावून झाडावर चढली. पिवळ्या फळांच्या देठांना बारीक नळ्या जोडल्या आणि आजाऱ्याला सलाइन द्यावं तसा थेंबथेंब काचरस आठवडाभर दिला. मग फळं उतरवून बिया सुकवल्या. ओल सात टक्क्यांवर आली. डबा हलवला की बिया चिंचोक्यांसारख्या वाजत. वर्षभर डबा फळीवर राहिला.

नंतर त्यातल्या शंभर बिया ओल्या वाळूत पेरल्या. पन्नास दिवस काही झालं नाही. एक्कावन्नाव्या सकाळी शेवंतीनं रोपवाटिकेचं दार उघडलं तर वाळूला जागोजागी भेगा गेलेल्या होत्या. ती जागेवरच खाली बसली आणि तिनं विशाखाताईंना फोन लावला. "या. लवकर या."

शंभरातल्या त्र्याण्णव बिया रुजल्या होत्या. विशाखाताईंनी तीनदा मोजल्या. एरवी त्यांच्यापासून अदबीनं चार हात दूर राहणाऱ्या शेवंतीनं त्यांना वाळूनं भरलेल्या हातांनीच मिठी मारली. त्या दिवशी गावात घरोघरी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे झाले.

दोन वर्षांत हीच रीत फणसाला लागू पडली, मग केरळातल्या, बोर्निओतल्या, कांगोतल्या झाडांना. सुकवली की मरणारी शेकडो झाडांची बीजं डब्यांत शांत झोपली. आणि बी झाडावर असताना ज्या मोजक्या दिवसांत थांबायला शिकतं, त्या दिवसांना जगभरचे शास्त्रज्ञ 'शेवंती-सप्ताह' म्हणू लागले. तिनं ते नाव लेकीकडून दोनदा वाचून घेतलं.

चौथ्या वर्षी धरणाचे अभियंता साळसकर ग्रामसभेत आले. सज्जन माणूस, आवाजही मऊ.

"हे बी किती वर्षं टिकेल, मॅडम?"

"आमच्या अंदाजानं तीनशे," विशाखाताई अभिमानानं म्हणाल्या.

"मग राई आजच जगवायची निकड नाही. तिचं पाणी तीन गावांना देऊ. दिवस चांगले आले की पुन्हा लावू."

सभेत समाधानाची कुजबुज झाली. शेवंतीची लेक त्या तीन गावांपैकीच एकात नांदत होती. दोन लेकरं सांभाळून मैलभरावरून हंडे आणायची. शेवंती विशाखाताईंकडे झुकली.

"तीनशे वर्षांनी डबा उघडला तर बी रुजेल ना?"

"रुजेल. याची खात्री मी देते."

"आणि लावणार कुठे? त्याला घोटाभर पाणी लागतं."

विशाखाताईंचा चेहरा उतरला. "ते आम्ही डब्यात ठेवलेलं नाही, काकी."

ठराव मताला टाकला. हात भराभर वर झाले. लेकीचे हंडे डोळ्यांसमोर आणून शेवंतीनंही हात वर केला. विरोधात कोण, असं विचारल्यावर एकच हात वर झाला. तो डॉ. विशाखा धुरींचा होता, आणि त्या गावच्या मतदार नसल्यामुळे मोजला गेला नाही.